जुनी चॉपर विकत घेताना

कल्याणहून निघून मुरबाड, सरळगाव आणि टोकावडे ही गावे मागे टाकीत नगरच्या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ जेथे माळशेज घाटाच्या पायथ्याशी येऊन पोहोचतो, त्या वैशाखरे गावाच्या परिसरात पावसाळ्यातील एखाद्या रविवारी उभे राहिले असता, मुंबई-ठाण्याकडून घाटाकडे धावणाऱ्या वाहनांच्या गर्दीत एक निराळ्याच घडणीची मोटारसायकल अधूनमधून दृष्टीस पडते. पुढचे चाक चालकापासून हातभर दूर गेलेले, हँडल खांद्याच्या उंचीपर्यंत चढलेले, आसन जमिनीकडे उतरलेले, मडगार्ड जवळजवळ नाहीसे झालेले आणि आवाज मात्र दोन वळणे आधीच कळणारा, असा तिचा थाट असतो. अशीच एखादी गाडी मूळ मालकाची हौस फिटल्यावर किंवा त्याला पैशाची निकड उभी राहिल्यावर मुरबाड, कल्याण वा उल्हासनगर येथील एखाद्या गॅरेजच्या दारात विक्रीस येते. तिची किंमत नव्या गाडीच्या मानाने माफक असते, रूप तर नव्या गाडीहून शतपट अधिक आकर्षक असते, आणि मग ती घ्यावी की न घ्यावी, या विचाराने आपल्या भागातील पुष्कळ तरुणांची झोप उडते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा निर्णय आधीच झालेला आहे व ज्यांना केवळ अनुमोदन पाहिजे आहे, त्यांनी तो वाचण्याची तसदी घेऊ नये.

चॉपर ही मूळची अमेरिकेची उपज. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील होतकरू चालकांनी आपल्या अवजड मोटारसायकलींवरील अनावश्यक वाटणारे भाग कापून काढण्यास आरंभ केला. पुढे केवळ कापण्यावर समाधान न मानता त्यांनी पुढचा फोर्क लांबविला, फ्रेमची मान मागे कलविली, आणि १९६९ साली प्रदर्शित झालेल्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने ते रूप साऱ्या जगाच्या नजरेत भरविले. त्या चित्रपटातील गाड्या लिलावात घेतलेल्या जुन्या पोलिसी हार्ले-डेव्हिडसनवरून घडविलेल्या होत्या, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे, कारण आपल्याकडील चॉपरचा जन्मही बहुधा असाच जुन्या सरकारी वा खासगी बुलेटच्या पोटी होतो. १९५५ साली मद्रासेत बुलेटची जुळणी सुरू झाली, आणि ७० मिलिमीटर बोअर व ९० मिलिमीटर स्ट्रोक असलेले तिचे ३४६ घनसेंटिमीटरचे ओतीव लोखंडी इंजिन, किरकोळ सुधारणा सोडल्यास, अर्धशतकाहून अधिक काळ तसेच बनत राहिले. सुटे भाग सर्वत्र मिळतात, मिस्त्री सर्वत्र आहेत, आणि सांगाडा साधा असल्यामुळे तो कापण्याचा मोह कोणासही होतो. मुंबईत अक्षय वर्दे यांनी ‘वर्देंची’ या नावाने आणि जयपुरात ‘राजपुताना कस्टम्स’ या संस्थेने या कलेला प्रतिष्ठित व्यवसायाचे रूप दिले. परंतु ज्या गाड्या फिरतफिरत आपल्या दारापर्यंत येतात, त्यांपैकी बहुतेक अशा नामांकित कारागिरांच्या हातच्या नसतात, हे आरंभीच गृहीत धरलेले बरे. विक्रेता मोठे नाव सांगू लागल्यास त्या कार्यशाळेचे बिल मागावे. नाव फुकट सांगता येते, बिल तसे दाखविता येत नाही.

साधी जुनी मोटारसायकल घेताना आपण कारखान्याच्या कामावर विश्वास ठेवतो आणि मागील मालकाने ती कशी वापरली एवढेच पाहतो. चॉपर घेताना मात्र आपण एकाच वेळी दोन यंत्रे विकत घेत असतो : एक कारखान्यात निर्माण झालेले, ज्याची हकीकत सरकारी दप्तरात नोंदलेली आहे, आणि दुसरे कोणा अपरिचित वेल्डरने आपल्या हातोटीने उभे केलेले, ज्याची हकीकत कोठेही लिहिलेली नाही. ही दोन यंत्रे ज्या जागी एकमेकांना जोडली जातात, ती जागा म्हणजे फ्रेमची मान, अर्थात हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तो भाग. आणि योगायोग असा की, बुलेटसह बहुतेक मोटारसायकलींचा चॅसी नंबर ठोकलेला असतो तोही याच भागावर. फोर्कला अधिक तिरकस कल द्यावयाचा तर मान कापावी लागते; मान कापली की नंबर संकटात येतो. म्हणून गाडीचे लोखंड मजबूत आहे काय आणि तिची मालकी निर्वेध आहे काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तळहाताएवढ्या एकाच जागेत मिळतात. टाकीवरील चित्रकाम, क्रोमचा झगमगाट व सायलेन्सरचा घोष यांकडे पाठ फिरवून खरेदीदाराने प्रथम तेथे डोळे लावावेत.

त्या जागेचे परीक्षण असे करावे. ओल्या फडक्याने व लागल्यास थोड्या रॉकेलने मानेचा भाग पुसून घ्यावा, आणि भर दिवसाच्या उजेडात चॅसी नंबराचे प्रत्येक अक्षर व अंक आरसी बुकातील नोंदीशी रुजू घालून पाहावा. अंकांची उंची व खोली सारखी आहे काय, त्यांच्या भोवतीचे लोखंड ग्राइंडरने घासल्यासारखे चपटे झाले आहे काय, रंगाचा थर त्या एवढ्याच जागी अवाजवी जाड आहे काय, हे न्याहाळावे. इंजिन नंबरही तसाच पडताळावा, कारण जुन्या बुलेटमध्ये एकाची फ्रेम व दुसऱ्याचे इंजिन असा संसार पुष्कळदा आढळतो. नंबर पुसट असून विक्रेता “गंजानं गेलाय हो, आरटीओत चालतं” असे सांगू लागला, तर त्याच्याशी वाद न घालता चहाचे आभार मानून उठावे. चोरीच्या गाडीचा ताबा मिळाला तरी मालकी मिळत नाही, आणि पुढे पोलीस ठाण्याच्या आवारात ती गाडी जप्त होऊन गवतात उभी राहिली की दिलेले पैसे परत मागण्यासाठी तो विक्रेता बहुधा सापडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सोयीतून गाडी चोरीस गेल्याची नोंद आहे काय, याची खातरजमा करता येते. एमपरिवहन या मोबाईलवरील सोयीतून नोंदणीची मुदत, विमा व कर्जाचा बोजा कळतो, आणि थकलेली ई-चलने राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतात. हे सर्व काम घरबसल्या अर्ध्या तासाचे आहे, आणि इसार देण्यापूर्वीचे आहे.

आता कागदांचा विचार विस्ताराने करणे प्राप्त आहे, कारण या व्यवहारात फसगत होते ती लोखंडापेक्षा कागदात अधिक. “पेपर क्लिअर आहेत, फक्त ट्रान्सफर बाकी आहे,” हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यातील उत्तरार्ध पूर्वार्धाला खोटे पाडतो, याकडे कोणाचे लक्षच जात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीची खबर १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने हस्तांतरणाचा अर्ज ३० दिवसांत द्यावयाचा असतो. त्यासाठी फॉर्म २९ व फॉर्म ३० लागतात, ज्यांना आपल्याकडे सरसकट टीटी फॉर्म म्हणतात. चॉपरसारखी हौशी गाडी मात्र कोऱ्या सही केलेल्या फॉर्मवर तीन-चार हातांतून फिरलेली असते, आणि आरसी बुकात ज्याचे नाव आहे तो गृहस्थ कोण, कोठे राहतो, हयात तरी आहे काय, याचा पत्ता सध्याच्या विक्रेत्यालाही नसतो. तो दिवंगत असल्यास फॉर्म ३१ अन्वये प्रथम वारसाच्या नावे नोंद व्हावी लागते. गाडी जाहीर लिलावातून घेतलेली असल्यास फॉर्म ३२ चा मार्ग आहे. सैन्याच्या लिलावातील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बुलेटबाबत लिलावाची मूळ कागदपत्रे पाहिल्याखेरीज एक शब्दही खरा मानू नये. गाडी दिल्ली, पंजाब वा अन्य राज्यांतून आलेली असल्यास तेथील नोंदणी अधिकाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र पाहिजे, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवावयाची असल्यास महाराष्ट्राची नोंदणी घ्यावी लागते. कर्जावर घेतलेली असल्यास बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ मागावा. शक्य तो नोंदलेल्या मालकाला समक्ष भेटावे व त्याच्याच हातात पैसे द्यावेत. तो टाळाटाळ करीत असेल तर ती टाळाटाळ हेच उत्तर समजावे. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो, तेव्हा घाट ओलांडणाऱ्याने राजसत्तेला काही दाखविल्याखेरीज पुढे जाऊ नये, हा शिरस्ता या मुलखाला नवा नाही.

याहून नाजूक प्रश्न फेरबदलाच्या कायदेशीरपणाचा आहे, आणि त्याविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात निश्चित केलेल्या तपशिलाहून भिन्न होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा पालट की ज्यायोगे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते, असे स्पष्टीकरणही तेथे दिलेले आहे. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे कलम तसेच कडकपणे लागू असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. फ्रेम कापून मान कलविलेली गाडी या व्याख्येतून कशी सुटेल, हे मला तरी समजत नाही. सायलेन्सर बदललेला असला तर कलम १९० आहेच. राज्यातील कित्येक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविला आहे.

यातून निघणारी व्यावहारिक सूचना अशी की, ज्या गाडीचा मूळ सांगाडा अबाधित आहे आणि बाकीचे बदल नटबोल्ट सोडून काढता येतील अशा स्वरूपाचे आहेत, तीच गाडी विचारात घ्यावी. आणि सौदा करतानाच मूळ हँडल, मूळ मडगार्ड, मूळ सायलेन्सर, मूळ आसन व नंबर प्लेटची पट्टी हे सारे सामान एका पोत्यात भरून गाडीबरोबर मिळाले पाहिजे, अशी अट घालावी. हे पोते म्हणजे भंगार नव्हे. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली म्हणजे नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकापुढे प्रत्यक्ष उभी करावी लागते, तेव्हा त्या पोत्यातील सामानावरच सर्व काही अवलंबून असते. म्हणून आरसी बुकातील मुदतीची तारीख प्रथमच पाहावी : कापलेल्या फ्रेमच्या गाडीची मुदत येत्या वर्षात संपत असेल, तर विक्रेत्याची घाई कशापायी आहे, हे निराळे सांगावयास नको. विमा कंपनीलाही बदल कळविणे इष्ट असते. न कळविलेल्या बदलाचे निमित्त करून अपघातानंतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडविला जाण्याचा संभव राहतो. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसविण्याचे बंधन आहे. मागील चाकाच्या बगलेत उभी लटकविलेली नखरेल पाटी त्या बंधनात बसत नाही.

कागद निर्मळ ठरल्यावरच लोखंडाकडे वळावे. फोर्क ज्या कोनात उभ्या रेषेपासून मागे कललेला असतो, तो कोन सामान्य मोटारसायकलीत पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास असतो. चॉपरमध्ये तो चाळीसपर्यंत किंवा त्याहूनही पुढे नेलेला आढळतो. कोन वाढला की हँडलच्या आसाची रेषा जमिनीला जेथे मिळते तो बिंदू आणि चाक जमिनीला जेथे टेकते तो बिंदू, यांमधील अंतर वाढते. परिणामी सरळ रस्त्यावर वेगात गाडी रुळावर बसविल्याप्रमाणे स्थिर राहते, पण सावकाश वळताना पुढचे चाक आपल्याच भाराने एका बाजूस कोसळू पाहते, आणि लहान वळणात चालकाला हँडलशी अक्षरशः झुंजावे लागते. कॅलिफोर्नियाच्या सरळ व विस्तीर्ण मार्गांवर जन्मलेल्या यंत्राचा हा स्वभाव तेथे गुण ठरला. माळशेजच्या वळणांवर, धुक्यात, समोरून भाजीपाल्याचा ट्रक उतरत असताना, तो गुण राहत नाही. यातील विनोद असा की, सरळ रुंद रस्ता आपल्या शहापूर तालुक्यातूनही आता गेलेला आहे. परंतु त्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही.

लांब फोर्क कसा लांबविला आहे, हे विचारावे व विश्वास न ठेवता पाहावे. अखंड लांब नळी बसविलेली असल्यास काम जबाबदारीने केलेले आहे, असे मानण्यास जागा आहे. जुन्याच नळीच्या टोकावर आट्यांची दुसरी नळी फिरवून उंची वाढविलेली असल्यास, खड्ड्यात आदळल्यावर सारा भार त्या आट्यांवर येतो, आणि ती जोडणी तुटण्यापूर्वी कसलीही पूर्वसूचना देत नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्यानंतर दोघांनी मिळून पुढचे चाक जमिनीवरून उचलावे, एकाने फोर्कची खालची टोके धरून पुढेमागे हलवावीत. मानेत खटखट जाणवली, किंवा हँडल मध्यावर आल्यावर किंचित अडकले, तर बॉलरेसर गेलेले आहेत, जो खर्च लहान आहे. मात्र मागून पाहताना पुढचे व मागचे चाक एका रेषेत दिसत नसेल, तर दोष मानेच्या वेल्डिंगमध्ये आहे, आणि तो खर्च लहान नाही. वेल्डिंगची रेघ अखंड, एकसारख्या लाटांची असावी; फुगवटे, छिद्रे, किंवा पुट्टी भरून गुळगुळीत केलेला सांधा दिसला की नखाने टोकरून पाहावे. पुट्टीवर लोहचुंबक चिकटत नाही, ही युक्ती टाकीच्या पत्र्यावरही उपयोगी पडते. मानेपासून निघणाऱ्या नळ्यांवर केसाएवढी रेघ दिसली आणि विक्रेत्याने ती रंगाची आहे असे सांगितले, तर तेवढा रंग खरवडू द्यावा, अशी विनंती करावी. नकार आला तर रेघ कशाची आहे ते कळले.

मागील भागात दोन प्रकारचे अतिरेक आढळतात. काहींनी मागचे शॉकॲब्सॉर्बर काढून टाकून फ्रेम ताठ केलेली असते; दिसावयास ती रेषा फारच सुरेख, पण सरळगावाहून किन्हवलीमार्गे शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर एक फेरी केली की, ते सौंदर्य कोणाच्या कण्यातून वसूल होते हे समजते, आणि माणसाचा कणा सोसेल ते धक्के वेल्डिंगचे सांधे सोसतीलच असे नाही. दुसरा अतिरेक अतिरुंद टायरचा. त्यासाठी मागचा चिमटा रुंद करून स्प्रॉकेट बाजूला सरकवावे लागते, आणि सरकविण्यात सूतभर चूक झाली की चेन वेडीवाकडी ओढू लागते; स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने झिजलेले दिसले तर ती चूक झालेली आहे. मागील मडगार्ड व साडीगार्ड काढून टाकणे ही तर सार्वत्रिक प्रथा झाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारे साधन आवश्यक आहे. ज्याच्या घरातील आई, मावशी वा पत्नी बाजारास जाताना त्याच गाडीवर बसणार आहे, त्याने हा नियम दंडाच्या भीतीने नव्हे, तर पदराच्या भीतीने पाळावा. पुढचा ब्रेक शोभेसाठी काढून टाकलेली चॉपरही कधीकधी दिसते. घाटाखाली राहणाऱ्या माणसाने तिच्याजवळ थांबूसुद्धा नये.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते बिघडलेले असले तरी दुरुस्त होते. पाहणीस येण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवू नका, असे विक्रेत्याला बजावावे व गेल्यावर इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री करावी. गरम इंजिन आपले पुष्कळसे दोष झाकून घेते. जुन्या ओतीव लोखंडी बुलेटवर अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, डिकम्प्रेसर दाबून, मग किक मारावयाची रीत आहे. रीतीप्रमाणे दोन-चार किकांत ती सुरू व्हावी. निळसर धूर सतत येत राहिला तर पिस्टन-रिंग आणि बोअरचा खर्च धरावा. खालून जड, बोथट ठोका ऐकू आला तर क्रँकचा. टॅपेटची बारीक टिकटिक ही या इंजिनाची बोली आहे, तिला घाबरू नये. २००८ नंतर टप्प्याटप्प्याने आलेले, गिअरबॉक्स पोटातच सामावलेले नवे इंजिन तेल कमी गळते व कमी कटकट करते. पण त्याची दुरुस्ती प्रत्येक खेड्यातील मिस्त्रीला जमेलच असे नाही. वायरिंग मात्र अवश्य उघडून पाहावे : चॉपर घडविणारे तारा नळ्यांच्या आत लपवितात, आणि आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसाचे पाणी त्या लपलेल्या तारांना बरोबर शोधून काढते. सर्व दिवे लावून, हॉर्न वाजवून, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. फिरविताना दिवा मिचकला तर तार दबते आहे.

चालवून पाहण्यासाठी विक्रेत्याने दाखविलेला गुळगुळीत रस्ता स्वीकारू नये. ज्या वाटेवर गाडी रोज चालणार, तीच वाट धरावी, आणि मागे घरच्या एका माणसाला बसवावे. गतिरोधकावर पोट घासते काय, ताशी चाळीसच्या वेगात हँडल थरथरते काय, दोन्ही ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला ओढते काय, आणि गावच्या नाक्यावर एका दमात वळविता येते काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. टाकी किती लिटरची हेही विचारावे. शेंगदाण्याच्या आकाराची टाकी नजरेत भरते, पण तिच्यात सात-आठ लिटरच पेट्रोल मावते.

किमतीसंबंधी घेणारे एक चूक हमखास करतात. विक्रेता बदलावर झालेला सर्व खर्च किमतीत मिळवून सांगतो, आणि घेणारा त्या बेरजेतून घासाघीस करू लागतो. वास्तविक हिशेब उलटा मांडावयास हवा : त्याच वर्षाच्या, त्याच स्थितीतील, बदल न केलेल्या गाडीचा बाजारभाव प्रथम काढावा, त्यातून गाडी मूळ रूपात आणण्याचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या रकमेवर कारागिरीचा मान म्हणून आपल्या खुशीचे काय ते द्यावे. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी शिंगांना लावलेल्या रंगाचे व गळ्यातील घुंगरांचे पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, मग दलालाच्या रुमालाखाली हात घालतो. तोच शेतकरी, किंवा त्याचा मुलगा, मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र घुंगरांचेच पैसे आधी मोजतो, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

ठरलेली रक्कम एकदम देऊ नये. इसार देऊन साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष खरेदीची पावती करावी, तीत चॅसी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटरचे आकडे, ताबा दिल्याची तारीख व वेळ, आणि त्या वेळेपूर्वीच्या चलनांची व गुन्ह्यांची जबाबदारी विक्रेत्याची, असे स्पष्ट लिहून घ्यावे. उरलेले पैसे फॉर्म २९ व ३० वर नोंदलेल्या मालकाच्या सह्या झाल्यावर द्यावेत. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी कलम १५७ ने १४ दिवसांची मुदत ठेवलेली आहे, ती विसरू नये. कल्याणच्या परिवहन कार्यालयाची एक खेप वाचविण्यासाठी हस्तांतरण लांबणीवर टाकणारे पुढे न्यायालयाच्या कित्येक खेपा घालताना दिसतात, कारण अपघात झाला की दप्तर ज्याला मालक म्हणते त्याला प्रथम बोलाविले जाते, आणि मग तो आपल्याला शोधीत येतो.

इतके सांगितल्यावर माझा कौल विचारणाऱ्यांना तो देणे भाग आहे. वैशाखऱ्याला राहून ज्याला रोज टोकावडे-मुरबाडला जावयाचे आहे, अधूनमधून घाट चढून ओतूर-आळेफाट्याला जावयाचे आहे, आणि ज्याच्या घरात दुसरी गाडी नाही, त्याने फ्रेम कापलेली चॉपर घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त मिळो. ऐसपैस बसण्याची, लांब फोर्कची हौस असेल तर २००२ पासून आलेली एनफील्डची थंडरबर्ड किंवा २००५ पासून आलेली बजाजची अ‍ॅव्हेंजर जुन्या बाजारात पाहावी. या गाड्यांचा तो तिरपा कल कारखान्यातूनच आलेला व दप्तरात नोंदलेला आहे, आणि त्यांवर हँडल व आसन एवढेच बदललेले असले तर ते परत बसविणे एका दुपारचे काम आहे. ज्याच्याकडे रोजच्या वापराची दुसरी गाडी आहे, गॅरेजला घालण्यास वेळ आहे व पदरचे चार पैसे आहेत, त्याने मान अबाधित असलेली, नंबर स्वच्छ वाचता येणारी, मूळ सामानाच्या पोत्यासह येणारी चॉपर खुशाल घ्यावी. तशी गाडी मिळण्यास सहा महिने लागले तरी थांबावे, आणि पाहणीला जाताना आपल्या भरवशाचा मिस्त्री बरोबर न्यावा, त्याची दिवसाची मजुरी आधीच हातावर ठेवावी, म्हणजे तो विक्रेत्याचा चहा पिऊनही आपल्याच बाजूने बोलेल.